बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, आणि सोबत एक पार्सल

दांडिया बाजार, बडोदा
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "केक, पाव, क्रोशा, हलव्याचे दागिने, एवढं सगळं करतेस, मग ऑर्डरी का घेत नाहीस? बडोद्यात राहून एवढंही शिकली नाहीस?" मी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये होते, आजूबाजूला गलका होता, म्हणून "बघू" म्हणून वेळ मारून नेली. पण मला ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. का, ते आज सावकाश लिहिते. तुमच्या मनात हा विषय आहे तोवर दर फोनला तो निघणार, आणि तुम्हाला पटल्याशिवाय मलाही चैन पडणार नाही.

पण आधी आईसाठी बोरन्हाणाची हकीकत. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाची पहिली संक्रांत होती. त्यांची सून गुजराती. तिच्या माहेरी उत्तरायण म्हणजे पतंग, उंधियू आणि जिलबी. बाळाच्या डोक्यावर बोरं ओतायची हे तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तिला फार हौस. काकूंचे हात आता थरथरतात, म्हणून हलव्याचे दागिने मी करते म्हटलं. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, मनगट्या आणि एक छोटी बासरी.

आई, तू ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला केले होतेस तेव्हा मी नुसती बघत होते, पण हाताला कसं कोण जाणे आठवत होतं. हलव्याला सुई घालायची नाही, दाणा फुटतो. दोऱ्याचा फास काट्यांमध्ये बसवायचा आणि हलकेच ओढायचा, काटाच दोरा धरून ठेवतो. म्हणून हलवा चांगला काटेरी हवा. इथे दांडिया बाजारात मराठी पदार्थांची दुकानं आहेत, तिथे संक्रांतीच्या सुमारास मिळतो. पण पहिल्या दुकानातला गुळगुळीत होता. दुसरीकडे मिळाला तो तिळावरचा, बारीक आणि टोकदार. ज्यांनी तो केला असेल त्यांनी पहाटेच्या गारव्यात, मंद शेगडीवर, चमचा चमचा पाक सोडत परातीत हात फिरवला असणार. घाई केली की काटा येत नाही हे तुझंच वाक्य.

मुकुटासाठी मी तांबेकर वाडा पुन्हा पाहून आले. रावपुऱ्यात आहे, माझ्या घरापासून चालत. गायकवाडांच्या दिवाणांचा लाकडी वाडा, आत भिंतीभर चित्रं: महाभारत, कृष्णलीला, इंग्रजांशी झालेल्या लढाया. आई, तू आलीस की तुला आधी तिथे नेणार आहे. भिंतीवरच्या नऊवारीतल्या बायका बघून तू तासभर हलणार नाहीस. तिथल्या कृष्णाच्या मुकुटावरून पुठ्ठा कापला, त्यावर काळी मखमल चिकटवली आणि कडेने जरीची किनार लावली. काळ्यावर पांढरा हलवा असा उठून दिसला की बाळाची गुजराती आजी पुन्हा पुन्हा जवळ घेऊन बघत होती.

बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळगुळाच्या वड्या, सगळं मापाने ओतलं. बाळ आधी दचकलं आणि मग त्याने कमरपट्टाच चाटायला घेतला. गल्लीतली पोरं पतंग टाकून बोरं वेचायला आली. तिथेच चार-पाच बायकांनी भाव विचारला. एकीने तर पुढच्या वर्षीच्या नव्या सुनेसाठी आगाऊ पैसे पुढे केले. हे मीच तुम्हाला कौतुकाने सांगितलं आणि बाबांचा प्रश्न तिथूनच निघाला.

बाबा, तुमचा हिशेब चुकीचा नाही. गुजरातेत हाताला चव किंवा कला असली की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि त्यात कमीपणा कोणी मानत नाही. हे मला मनापासून आवडतं. आमच्या गल्लीत खाखरे करणारी आहे, मुखवास करणारी आहे, चणियाचोळीला आभले, म्हणजे छोटे आरसे, लावून देणारी आहे. त्यांच्या घरची फी, औषधं, लग्नं त्यावर निघतात.

आणि माझी पहिली अडचण तिथेच आहे. मला मकरपुऱ्यात नोकरी आहे, दर महिन्याला पगार होतो. मी हौशीने केक करायला लागले तर भाव काय लावणार? मैदा, लोणी, साखर यांचा खर्च आणि वर थोडेसे. माझ्या वेळेचे पैसे मी धरणार नाही, कारण मला ते काम आवडतं. मग जी बाई त्याच केकमध्ये गॅस, भाडं, पोराची फी धरून भाव सांगते, ती लोकांना महाग वाटायला लागेल. हिशेब लिहिणं हेच माझं काम आहे, बाबा, त्यामुळे हे मला स्पष्ट दिसतं. माझी हौस कोणाच्या चुलीवर पाणी ओतणारी नको. भाव विचारणाऱ्यांना मी पलीकडच्या पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, एका बाईंचा नंबर दिला. त्या क्रोशाचं आणि मोत्यांचं काम पोटासाठीच करतात. हलव्याची गाठ त्यांना येत नव्हती, ती मी दाखवली. एकदा पाहून त्यांचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायला लागला.

या गावात बायकांच्या हाताच्या कामाकडे खूप आधीपासून गंभीरपणे पाहिलं गेलं आहे. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ मध्ये इथे स्त्री उद्योगालय काढलं, बायकांना कसब मिळावं आणि त्या कसबाचे चार पैसे त्यांच्याच हाती यावेत म्हणून. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तेव्हा पहिल्या अध्यक्षा याच. महाराज सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या, आणि त्या सुरुवातीच्या काळातच तिथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. स्वयंपाक, कापड, मुलांचं संगोपन हे विद्यापीठात शिकण्याचे विषय आहेत, असं त्यांनी ठरवलं. विद्यापीठाच्या बाजूने जाताना मला दर वेळी या बायकांबद्दल आदर वाटतो. बाबा, तुम्ही सहावीच्या वर्गात कवळाण्याच्या गोपाळरावाची गोष्ट सांगायचात, आपल्या नाशिक जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव कसा झाला ती. त्या गोष्टीचा पुढचा भाग मी इथे रोज पायी चालते आहे.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर दर, बिलं, जीएसटी, उधारी. घरी आल्यावरचे दोन तास हे माझ्या दिवसातले एकच असे आहेत ज्यांना दर नाही. त्यालाही दर लावला तर मला दोन नोकऱ्या होतील. आत्ता मी पीठ मळताना काहीच ठरवत नसते. मऊ झालं की कळतं. हातातलं क्रोशाचं फूल आवडलं नाही तर उसवते, कोणाला उत्तर द्यायचं नसतं. ऑर्डर आली की तारीख आली, घाई आली, आणि चॉकलेट कमी पडलं म्हणून कोणाचा तरी नाराज चेहरा आला. बाबा, निवृत्तीनंतर तुम्हाला शिकवण्यांसाठी किती जणांनी गळ घातली होती! तुम्ही फक्त वाड्यातल्या मुलांना ओट्यावर बसवून फुकट गणित शिकवलंत. मी ते रोज संध्याकाळी पाहत होते. तेव्हा तुम्हाला कोणी काही विचारलं नाही, कारण आम्हाला सगळ्यांना तुमचा चेहरा दिसत होता.

आणि तुम्ही समजता तितकी मी एकटी नाही. म्हणजे संध्याकाळी खोलीत मी एकटीच असते हे खरं, पण जिन्यावर सतत ये-जा असते. समोरच्या बेन मला आभला भरायला शिकवतात. आरसा कापडावर ठेवायचा, त्याच्यावरून दोन टाके आडवे, दोन उभे घालून चौकट करायची, मग गोल फिरत त्या चौकटीत दोरा अडकवत जायचं. प्रत्येक टाक्यासरशी चौकट कडेला ओढली जाते आणि मधून आरसा उघडा होतो. भोक नाही, डिंक नाही, नुसत्या दोऱ्याने आरसा धरून ठेवायचा. नवरात्राआधी मंगळ बाजारात आणि नव्या बाजारात आभले, कवड्या, लेस यांची गर्दी असते तेव्हा त्या मला घेऊन जातात आणि माझ्या वतीने घासाघीस करतात. मी त्यांना दर आठवड्याला पाव देते. काकूंकडून चिवडा येतो. अंडं कोणाच्याच घरी चालत नाही, म्हणून केकमध्ये दही आणि सोडा वापरते. दही ताजं असलं तर केक बसका होतो, जरा आंबट लागतंच.

आई, मोत्यांवरून एक सांगायचं राहिलं. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी साधारण १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला होता. सुमारे १५ लाख बारीक बसरा मोती, त्यात हिरे, माणकं, पाचू. मदिनेला अर्पण करायचा असा मानस होता असं सांगतात, पण महाराज वारले आणि तो इथेच राहिला. पुढे देशाबाहेर गेला आणि २००९ मध्ये दोहा शहरात लिलावात ५४ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. मी त्याचे फोटो पाहते तेव्हा किमतीपेक्षा मला ती बोटं आठवतात. कोणी ओवले असतील ते १५ लाख मोती? त्यांची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत. तू रुखवतासाठी केलेलं मोत्यांचं तोरण निदान आपल्याला तुझ्या नावाने ओळखता येतं. ते जपून ठेव, माळ्यावर टाकू नकोस.

आता पार्सलचं. बुधवारपर्यंत पोहोचेल. निळ्या डब्यात बाबांची नानकटाई आहे. लहानपणी दिवाळीत आपण रवा, पिठीसाखर, तूप घेऊन बेकरीत जायचो आणि पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी लावून भाजून आणायचो, त्या चवीच्या जवळ जायचा प्रयत्न आहे, पण पीठ ज्वारीचं आणि थोडं बेसन. तूप पांढरं, हलकं होईस्तोवर फेसलं आहे, खुसखुशीतपणा त्याचाच. ज्वारीला चिकटपणा नसतो म्हणून बेसन आधी भाजून घातलं, तरीही काही तुकडे होतील. साखर नेहमीच्या निम्मी आहे. पण बाबा, निम्मी म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्वारीचं पीठही शेवटी पीठच. दिवसाला एक. गूळ घातला असता तरी हेच सांगितलं असतं.

पाव पाठवत नाही, प्रवासात वास मारेल. त्याऐवजी आईला कृती लिहिते, घरच्या मिसळीबरोबर करून बघ. अर्धा किलो कणीक, पाव चमचा कोरडं यीस्ट, मीठ, दोन चमचे तेल, आणि पोळीच्या कणकेपेक्षा सैल होईल इतकं पाणी. रात्री मळून झाकून ठेवायचं. थंडीत सकाळपर्यंत सावकाश फुगतं आणि चव येते. उन्हाळ्यात हेच दोन-तीन तासांत फसफसतं, तेव्हा गार पाणी घ्यायचं. सकाळी गोळे करून तेल लावलेल्या डब्यात चिकटून ठेवायचे, दुप्पट झाले की २०० अंशांवर वीस मिनिटं.

लाल पिशवीत जाड लोकर आणि ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई आहे, आईसाठी. मोतीबिंदूचं झाल्यावर तू बारीक दोऱ्याचं काम सोडलंस हे मला फोनवर तुझ्या बोलण्यातून कळलं. बारीक दोरा राहू दे. जाड लोकरीत टाके बोटांनाच कळतात, डोळे ताणावे लागत नाहीत. मुद्दाम फिकट रंग घेतले आहेत, काळ्या-निळ्यात टाके दिसत नाहीत. चौकोन कर, कितीही, वाटेल तेव्हा. मी इथे तेवढ्याच मापाचे करते आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत आले की दोघी मिळून जोडू. तुझा चौकोन किती बोटं होतो ते पहिल्या चौकोनानंतर कळव, म्हणजे माझे लहान-मोठे व्हायला नकोत.

रथसप्तमीपर्यंत काकूंकडे हळदीकुंकू चालू आहे, त्यामुळे या आठवड्यात संध्याकाळी फोन लागला नाही तर काळजी करू नका. रात्री साडेनऊनंतर मी करेन.

बाबा, तुम्हाला अजूनही पटलं नसेल तर तसं लिहा. फोनवर नको, पत्रातच लिहा, तुमचं अक्षर बरेच दिवसांत पाहिलं नाही.

तुमची लेक

ता. क. बाबांची तीन महिन्यांची शुगर तपासायची तारीख याच महिन्यात आहे. रिपोर्टचा फोटो ताईकडून पाठवून घ्या.