मावशीसाठी काय म्हणायचं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. तिकडच्या सिनेगॉगमध्ये, आपल्या ज्यूंच्या प्रार्थनाघरात, आजारी मावशीचं नाव प्रार्थनेसाठी द्यायला गेलास आणि त्यांनी तिच्या आईचं नाव विचारल्यावर अडलास. अडणारच! आजीला तू जन्मभर आजीच म्हणालास. मावशीचं आणि आजीचं, दोघींची हिब्रू नावं मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. एरवी तोरापाशी, म्हणजे धर्मग्रंथाच्या वाचनाला, बोलावतात तेव्हा बापाचं नाव पुकारतात, पण आजाऱ्यासाठी मागताना आईचं घेतात.

इथे ठाण्याला, शार हाशामायीम सिनेगॉगमध्ये, शनिवारी सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढला की हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, 'मी शेबेराख' ही आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात. अब्राहाम, इसहाक, याकोब यांना ज्याने आशीर्वाद दिला त्याने हिलाही द्यावा, आत्म्याला आणि शरीराला आराम पडावा. दोन्ही मागतात, आणि आत्म्याचा आराम आधी. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, असला की पुढे आणखी जोडतात: आज शब्बाथ, आक्रोश करायचा नाही, आराम लवकरच येवो. मला ते फार पटतं. काळजी कितीही असो, आठवड्यातून एक दिवस तिलाही सुट्टी.

तुला लांबलचक काही येत नाही म्हणून संकोचू नकोस. मोशे संदेष्ट्याची बहीण मिर्याम, तिच्या अंगावर पांढरं फुटलं तेव्हा मोशेने पाचच शब्द म्हटले: एल ना रेफा ना ला. देवा, कृपा कर, हिला बरं कर. रोजच्या आमिदात, उभ्याने म्हणायच्या प्रार्थनेत, 'रेफाएनू' (आम्हाला बरं कर) येतं, त्यातच मावशीचं नाव मनात घाल. वेळ असेल तर तेहिलीममधलं, म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकातलं, ११९ वं स्तोत्र घे. हिब्रूच्या बावीस अक्षरांना प्रत्येकी आठ, अशा त्याच्या १७६ ओळी आहेत. आजाऱ्याच्या नावात जी अक्षरं असतील तेवढेच भाग म्हणायची रीत आहे, सगळं म्हणायला हवं असं नाही.

आता बायोप्सीचं. तू लिहिलंस, "रिपोर्ट चांगला येऊ दे म्हणून रोज मागतोय." ते मागू नकोस. मिश्नात, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, एक माणूस गावाकडे येताना रडारड ऐकतो आणि म्हणतो, देवा, हे माझं घर नसू दे. मिश्ना त्याला फुकट प्रार्थना म्हणते, कारण जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गाठीत जे आहे ते आहेच, लॅबवाल्यांनी फक्त बघायचं बाकी आहे. पुढचं माग. औषध लागू पडू दे, डॉक्टरांचा हात चालू दे, तिला सोसण्याचं बळ मिळू दे. मागायला पुष्कळ आहे रे.

आणि प्रार्थनेच्या जोडीला उपाय हवाच. हिज्कीया राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, त्याला आणखी पंधरा वर्षं मिळाली हे सगळे सांगतात. त्याच गोष्टीत यशया संदेष्ट्याने अंजिराचा लेप करून गळवावर लावायला सांगितलं, ते विसरतात. आपल्या एका नातेवाईक बाईंनी मावशीला सुचवलं, "केमो कशाला, ताईत बांध आणि तेहिलीम म्हण." मी तिथल्या तिथे थांबवलं त्यांना.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र मी मनापासून मानते. जो आजाऱ्याला भेटतो तो दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो, असं तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, आहे. मग साठ जण पाठवून माणूस उठवून बसवावा, असं तिथेच कुणीतरी विचारलं. उत्तर असं, की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा भाग नेतो, म्हणजे थोडं शिल्लक राहतंच! रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकीवा यांचा शिष्य आजारी पडला तेव्हा कुणी फिरकलं नाही. अकीवा गेले, ते आले म्हणून घर झाडलं, जमिनीवर पाणी शिंपडलं, आणि शिष्य बरा झाला. काल मावशीकडे तेच केलं. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, सुकलेली मोसंबी, जुने पेपर, सगळं काढून चादर बदलली. ती म्हणाली, "आता जरा खोली वाटते." मग स्वतःहून मऊभात मागितला, वर लिंबाचं लोणचं.

मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस मी बोलले आहे, तू वेगळा बोलू नकोस. ती हिंडू-फिरू लागली की अलिबागजवळ खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा दाखवतात तिथे जाऊ. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, फळं, सगळं मी बघते. त्याआधी तिला दहा जणांसमोर 'हागोमेल', म्हणजे संकटातून वाचल्याचे आभार, म्हणायचंय, ते तिला आत्तापासूनच पाठ आहे.

फोन मात्र वेळ बघून कर. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत आजाऱ्याला भेटू नये म्हणतात, कारण तेव्हा तो तरतरीत दिसतो आणि भेटणारा मागायचं विसरतो. शेवटच्या तीन तासांतही नको, तेव्हा तो इतका कोमेजतो की भेटणाऱ्याचा धीर सुटतो. मावशीचं अगदी तसंच आहे, सकाळी टीव्हीवर मालिका बघते आणि संध्याकाळी ताप चढतो. इथले अडीच-तीन बरे. तुझी तेव्हा जेवायची सुट्टीही नसेल झालेली, तरी बाहेर येऊन पाच मिनिटं बोल. डॉक्टर काय म्हणाले ते विचारू नकोस, ते मी सांगेन. तिला तुझ्या घरमालकिणीच्या मांजरीचं काय झालं ते ऐकायचंय.

तुझी,
आई