गार्चिंगहून घरी

गार्चिंग, म्युनिकजवळ

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, लेझरवर पीएचडी म्हटल्यावर तुला माझ्या डोळ्यांची काळजी, म्हणून आधी ते. आमच्या लेझरचा प्रकाश 800 नॅनोमीटरचा, जेमतेम दिसणारा, म्हणून तो अडवणारा खास चष्मा घातल्याशिवाय आत पाऊलही टाकू देत नाहीत. चकाकत्या धातूवरून किरण उडतो, त्यामुळे घड्याळ-बांगड्या बाहेरच. तू दिलेल्या बांगड्या फोटोत दिसत नाहीत त्या एवढ्यासाठीच. दादाच्या बाइकमागे बसण्यात याहून जास्त धोका आहे.

बाबा, ‘तारे बघायला गेलीस आणि आरसे पुसत बसलीस’ हे तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एम.एस्सी.च्या प्रबंधाला इथे जागा होती म्हणून आले. कित्येक दिवस नुसते आरशांचे स्क्रू फिरवले. मग एकदा सीनियरने सांगितलं, आता त्या आरशाला टिचकी मार. मारली, आणि अखंड चाललेला किरण फेमटोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग) स्पंदांत, म्हणजे प्रकाशाच्या अतिक्षणिक झोतांत, तुटला! तिथेच ठरलं, पीएचडी यातच करायची. असले स्पंद थेट वाढवले तर स्फटिक जळतो. म्हणून आधी ताणून लांब आणि सौम्य करायचे, मग वाढवायचे, मग दाबून पुन्हा आखूड करायचे. ही युक्ती 1985 ची, डोना स्ट्रिकलंड आणि त्यांचे मार्गदर्शक मूरू यांची. बाई तेव्हा माझ्यासारख्याच पीएचडी करत होत्या. 2018 ला नोबेल मिळालं. (हे काकांना सांगू नका, ते लगेच माझी तारीख विचारतील.)

इथली एक गंमत. कुणाची पीएचडी झाली की सहकारी त्याच्यासाठी पुठ्ठ्याची टोपी बनवतात. विकत आणलेली चालत नाही, घरीच चिकटवायची. वर त्याचे सगळे पराक्रम: जळका आरसा, बंद पडलेला पंप, त्याच्या सायकलची घंटा. परवा एकाच्या टोपीवर चक्क दिवे लुकलुकत होते. आणि तो गंभीर माणूस ती घालून प्राध्यापकांशी बोलत उभा! कुणी हसतही नाही. म्हणजे हसतात, पण आदराने. तुम्हाला पटणार नाही, राहू दे.

पैशाचं: माझी पीएचडी म्हणजे नोकरीचा करार आहे, फीची चिंता नाही. कर-विमा कापून उरतं त्यातून कर्जाचा हप्ता मी भरणार. एफडी मोडू नका.

दादाच्या लग्नाच्या आठवड्यातच आमच्या गटाला मोठ्या लेझरवर वेळ मिळालाय. बदलून मागितला होता. खरंच मागितला होता. करवली म्हणून मनूला उभी करा. माझ्या त्या स्थळाला मात्र अजून काही कळवू नका. मुलगा बरा वाटतो, पण करार संपू दे. दादाचा मुहूर्त सकाळचा असेल तर इथे पहाट असेल, कामाआधी बघता येईल. मोबाइल कुणाच्या तरी हातात द्या, साखरपुड्याला मला नुसतं छत दिसलं.

तुमची,
सई