सूचना : रविवारी दादरला, तिकिटांसकट

सभासदहो, पावसाळ्यातला आपला सिनेमाचा हंगाम आटोपला. येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता नेहमीच्या ठिकाणी चहाला जमू. जपून ठेवलेली तिकिटं आणा.

प्लाझाचा तो शनिवार आठवतोय? छत्र्यांचं पाणी खुर्च्यांखालून ओघळत पुढच्या रांगेतल्या आजींच्या पिशवीपर्यंत पोचलं. मध्यंतरात त्यांनी पिशवीतला ओला रुमाल पिळला आणि विचारलं, ‘‘खून भाच्यानंच केला ना?’’ बरोबर निघालं, काय सांगायचं! रीगलला मात्र निम्मे जण लोकल तुंबल्यामुळे मध्यंतरानंतर आले. 1933 सालचं थिएटर, बाल्कनी बघूनच पैसे वसूल, असं ते म्हणतात. मला पटत नाही.

पुढचा हंगाम 3 मे रोजी गिरगावातून सुरू करावा, अशी एक सूचना आहे. 1913 मध्ये याच तारखेला तिथल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. थिएटर आता नाही, पण पायी फिरता येईल. रविवारी हात वर करून ठरवू.

वर्गणी राहिलेल्यांनी ती तेव्हाच द्यावी. आणि प्लाझात राहिलेली काळी, लाकडी मुठीची छत्री कोणाची? माझ्याकडे आहे.