दिवाळीच्या आत घर नवं करा म्हणणाऱ्या पुरवणीला एक विनंती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र लागलं की तुमच्या पुरवणीत (तुमच्याच असं नाही, सगळ्याच पेपरांत) 'दिवाळीपूर्वी घराला द्या नवं रूप' छापाचा लेख येतोच येतो. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, बाथरूमला दोन बाय चारच्या टाइल्स, आणि खाली अर्धं पान जाहिराती. जाहिरातींचं समजू शकते, पेपर तुम्हाला चालवायचाय. पण तो लेख लिहिणाऱ्याने एकदा तरी कॅलेंडर पुढे घेऊन दिवस मोजलेत का, असा प्रश्न पडतो म्हणून हे पत्र.

आता बघा, पितृपक्षात आपल्याकडे कुणी नवीन काम काढत नाही. मग घट बसतात, घरात सोवळं-ओवळं असतं, म्हणून मुहूर्त ठरतो दसऱ्याचा. दसरा अश्विन शुद्ध दशमीला आणि लक्ष्मीपूजन अश्विन अमावस्येला, म्हणजे मध्ये मिळतात फार तर २० दिवस. त्यात एका बाथरूमचंच काम धरा. तोडफोड आणि राडारोडा गोणीत भरून खाली नेण्यात तीन-चार दिवस सहज जातात, मग प्लंबर भिंत खोदून पाइप टाकणार, मग वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, ते वाळले की पाणी तुंबवून निदान ४८ तास ठेवायचं आणि खालच्यांच्या छताला ओल येते का ते बघायचं (ही पायरी घाईत सगळ्यात आधी गाळली जाते आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षभर तोच विषय). त्यानंतर प्लास्टर, त्याला सातेक दिवस पाणी मारायचं, मग टाइल्स. आणि हॉलमध्ये कुठे नवीन प्लास्टर केलं असेल तर त्यावर रंग लावायला चांगला पेंटर चार आठवडे थांबायला सांगतो, सिमेंटमधली ओल आणि खार बाहेर पडायला तेवढा वेळ लागतोच. २० दिवसांत २८ दिवस कसे बसवणार? बसवतात लोक, नाही असं नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात खार फुटून रंगाचे पोपडे पडायला लागले की पेंटरला शिव्या घालतात.

बरं हे सगळं माणसं मिळाली तर. गवंडी, टाइल्सवाला, पीओपीवाला यातले बरेचसे बिहारचे नाहीतर पूर्व उत्तर प्रदेशातले, त्यांचा मोठा सण छठ, तो दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, त्यामुळे रेल्वेचं तिकीट कन्फर्म झालं की ते निघणारच आणि निघालेच पाहिजेत, वर्षातून एकदा घरी जातात बिचारे. तिकडे गेल्यावर गव्हाची पेरणी उरकूनच परत येणारे पण खूप आहेत. आपले लातूर-बीडकडचे बिगारी म्हणाल तर त्या सुमाराला त्यांच्या गावी सोयाबीनची काढणी असते. म्हणजे शहरात जेव्हा सगळ्यांना एकदम काम करून हवं असतं नेमकी तेव्हाच माणसं सगळ्यात कमी. मग कॉन्ट्रॅक्टर एकाच मिस्त्रीला पाच ठिकाणी अर्धा अर्धा तास फिरवतो आणि प्रत्येक घरी सांगतो 'उद्या नक्की'. यात त्या मिस्त्रीचा दोष मला तरी दिसत नाही, तारीख आपण चुकीची मागतोय.

आमच्या खालच्या मजल्यावर मागच्या दिवाळीत हेच झालं. बाथरूम घाईत उरकलेलं, आणि वसुबारसेला किचनचा ओटा फोडलेला, ट्रॉल्या हॉलमध्ये, सिलेंडर बाल्कनीत. त्या वहिनींनी चकलीचा सोऱ्या बाहेरच काढला नाही, फराळ सगळा बाहेरून आणला, त्याचं काही नाही, पण नवऱ्याने ऑफिसातून मिनतवाऱ्या करून घेतलेली रजा टाइल्सच्या दुकानात आणि हार्डवेअरवाल्याच्या काउंटरला संपली आणि पोरं मामाकडे पाठवून दिली कारण घरात धूळ. भाऊबीजेला नणंद आली तर तिला बसायला आमच्याकडे आणलं. कोणासाठी चाललंय मग हे सगळं? पाहुण्यांसाठी ना?

आम्ही आमचं किचन तुळशीच्या लग्नानंतर काढलं. सासूबाई आधी जरा नाराज होत्या, दिवाळीला जुना ओटा म्हणून, पण अनारसे तळताना त्यांना ओटा नवा का जुना हे काही आठवलं नसावं.

आणि त्यामुळे आमचा किल्ला झाला, जे मला खरं सांगायचंय. मुलांच्या सुट्टीतला हा एकच उद्योग असा आहे ज्यात आई-बाबा, शेजारी, वॉचमनकाका सगळे मातीत हात घालतात आणि फोन आपोआप बाजूला पडतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात ११ आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या पोरांनी 'दरवर्षी रायगडच काय' म्हणून धोशा लावला होता. त्यांनी निवडला खांदेरी. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रातला, महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला आणि इंग्रजांनी अडवायचा प्रयत्न करूनही बांधलाच तो. आता जलदुर्ग म्हणजे पाणी आलं, आणि पार्किंगमध्ये समुद्र करायचा तर तो गळायला नको. खालच्या त्याच फ्लॅटमधलं उरलेलं वॉटरप्रूफिंगचं केमिकल मागून आणलं, त्यांच्याच राडारोड्यातले विटांचे तुकडे रचून कट्टा केला, आतून सिमेंट आणि त्या केमिकलचे दोन हात दिले आणि दोन दिवस पाणी भरून ठेवलं. एक थेंब गळला नाही! त्यांच्या बाथरूमला जी टेस्ट झाली नाही ती आमच्या अरबी समुद्राला झाली. राडारोड्याचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा बघितला नाही, एरवी तो रात्रीच्या अंधारात नदीकाठी नेऊन ओतला जातो, २०१६ पासून त्याचे वेगळे नियम आहेत हे टेम्पोवाल्याला कोण सांगणार.

किल्ल्यालाही त्याचे दिवस द्यावे लागतात बरं का. गोणपाट मातीच्या रबडीत बुडवून दगडांवर टाकायचं, ते जरा आवळलं की गेरू, आणि अळीव पेरून हिरवळ वर यायला चार-पाच दिवस, म्हणजे धनत्रयोदशीला गवत हवं तर आठवडाभर आधी पेरायला हवं. परीक्षा संपल्या संपल्या सुरुवात केली तर जमतं, आणि घरात हातोडा चालू असेल तर नाही जमत. इतकं साधं आहे.

तर विनंती अशी. घर सजावटीची पुरवणी काढा, पण तुळशीच्या लग्नानंतर. तेव्हा हवा कोरडी असते, पावसात ओल्या झालेल्या भिंती वाळलेल्या असतात, मजूर परतायला लागलेले असतात आणि दुकानदारालाही तुमच्याशी धड बोलायला वेळ असतो. दिवाळीच्या आधी लिहायचंच असेल तर जे खरंच जमतं तेवढं लिहा: साफसफाई, जुन्या रंगावरच नवा हात, एखादा नळ, दिवे, पडदे. गळती असेल किंवा वायर उघडी पडली असेल तर अर्थातच सण बघत बसू नये, ते आजच करावं. बाकी मोठ्या कामांच्या लेखासोबत कुठल्या कामाला किती दिवस लागतात याचा छोटासा तक्ता द्या, त्यात प्लास्टर वाळायचे दिवस आणि कामगारांच्या सणाच्या तारखा पण टाका. आणि ऑक्टोबरातलं ते रिकामं झालेलं पान किल्ल्यांना द्या. साल्हेर, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांचे साधे नकाशे छापलेत तर पोरं कात्रणं घेऊन पार्किंगमध्ये उतरतील, पुढच्या वर्षी आमच्याकडे सुवर्णदुर्गाचं चाललंय आणि तटबंदी नेमकी कशी वळते यावरून आत्ताच भांडणं आहेत.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर टाइल्सचा भाग खुशाल कापा, किल्ल्याचा तेवढा ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे