तंबोऱ्याला सम नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ४ डिसेंबरच्या अंकात आपल्याकडे एक छायाचित्र असते. आदल्या दिवशी जागतिक दिव्यांग दिन झालेला असतो. रंगमंचावर चमचमत्या कपड्यांतली दहा-बारा जणं, मागे वाजणारी रेकॉर्ड, मंचाखाली उभ्या राहून हातवारे करणाऱ्या बाई, आणि खाली ओळ: ‘विशेष मुलांनी जिंकली उपस्थितांची मने’. दोन वर्षांपूर्वी त्या फोटोत उजवीकडून तिसरा माझा मुलगा होता. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. दाढी करतो, लोकसभेला मतदान करून आलाय, बोटावरची शाई आठवडाभर सगळ्या गल्लीला दाखवत होता. तुमच्या ओळीत मात्र तो ‘मूल’.

तक्रार फक्त शब्दाची असती तर पत्र लिहिले नसते. (तरी आणखी एक शब्द सांगूनच टाकते. आपल्या एका बातमीत त्याच्यासारख्यांना ‘अध्ययन अक्षम’ म्हटले होते. इंग्लंडात ‘लर्निंग डिसेबिलिटी’ म्हणतात ते यांनाच, पण आपल्याकडे अध्ययन अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, ज्यात बुद्धी चांगली असून वाचन-लेखन-गणित अडते. कायद्यातल्या २१ प्रकारांत ही दोन वेगळी आहेत. माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याची अक्षमता बौद्धिक आहे.) तक्रार अशी आहे की त्या दिवशी तो गायला नाही, त्याने काही वाजवलेही नाही. रेकॉर्ड वाजली, तो हलला, टाळ्या पडल्या. घरी येताना रिक्षात म्हणाला, “आई, माझा आवाज कुठे होता?” मला उत्तर सुचले नाही.

शाळेत असताना त्याला संगीत होते. आठवड्यातून दोनदा तबल्याचे सर यायचे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरावे संपले की निरोप समारंभ, गुलाबाचे फूल आणि पुढे कार्यशाळा. तिथे पाकिटे चिकटवतात, दिवाळीआधी पणत्या रंगवतात, श्रावणाआधी राख्या करतात. वाईट काही नाही त्यात, चार पैसे मिळतात, तो खूश असतो. पण पाकिटे चिकटवताना कोणी गात नाही. त्याच कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनाच्या हक्काबद्दल आहे. ते कोणी वाचले असेल तर आमच्या गावात मला तो माणूस भेटलेला नाही.

आणि गाव कोणते, तर मिरज. जिथे किराणा घराण्याचे थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, ज्यांच्या स्मृतीला दर्ग्यात दरवर्षी गवई येऊन हजेरी लावतात. जिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपणच ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्या वाद्यांना लागणारे पंढरपूरकडचे भोपळे आमच्या गल्लीवरून टेम्पोत जातात. अशा गावात वयाच्या १८ व्या वर्षी एखाद्याचे गाणे संपते, हे मला सांगायला लाज वाटते.

मी १४ वर्षे एका महिला भजनी मंडळात आहे. दर गुरुवारी दुपारी चार वाजता, विठ्ठल मंदिराच्या मागच्या खोलीत. आम्ही १३ जणी, एक पेटी, एक ढोलकी, बाकी टाळ आणि चिपळ्या. मुलाला घरी एकटा ठेवता येत नाही म्हणून मी त्याला बरोबर न्यायचे. तो दाराशी बसायचा, चपला जोडी-जोडीने लावायचा. वर्षभर तेच. मलाही कधी वाटले नाही की त्याने आत यावे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी शहाणी दिसेन असे कोणाला वाटू नये.

आत ओढले ते आमच्या पेटीवाल्या काकूंनी. त्यांनी त्याच्या हातात टाळ दिले. भजनात एक सोय असते, ती भजनात नसलेल्यांना लवकर कळत नाही. पुढची एक ओळ म्हणते, बाकीच्या तीच ओळ परत म्हणतात. धृपद, म्हणजे पालुपद, तर इतक्या वेळा येते की अभंग न येणाऱ्यालाही पाचव्या वेळी ते तोंडात बसते. वही लागत नाही, परीक्षा नसते. माझ्या मुलाला चार शब्दांची सूचना दोनदा सांगावी लागते, पण त्याला तीन महिन्यांत २० धृपदे पाठ झाली. शेवटचा शब्द तो जोरात म्हणतो आणि मग सगळ्यांकडे बघून हसतो.

टाळ मात्र जमेना. आठ मात्रांचा भजनी ठेका संथ चालतो तोवर ठीक. गजर आला, लय चढली की त्याचा हात मागे राहायचा आणि तो घाबरून आणखी जोरात वाजवायचा. ढोलकीवाल्या वहिनी वैतागायच्या, आणि त्यांचे चुकत नव्हते. बेताल टाळ ज्याने शेजारी बसून ऐकला आहे त्यालाच ते कळेल. मी त्याला घरी शिकवायला गेले, त्याचे मन उडाले, टाळ कपाटावर गेले.

उत्तर आमच्याच माळ्यावर होते. माझ्या सासूबाई गाणे शिकलेल्या. त्यांचा जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा लहान, तंबोरा गवसणीत २० वर्षे पडून होता, आणि मंडळात आम्ही फोनवरचा तंबोरा लावायचो. एका जुन्या सतारमेकर काकांकडे तो नेला. त्यांनी तारा बदलल्या, घोडी घासून ज्वारी काढून दिली, म्हणजे तारा नीट घुमतील असे केले, आणि मुलाकडे बघून म्हणाले, “याला बसवा की यावर. तंबोऱ्याला सम नसते, ताई.”

हे वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होते. खरेच आहे ना. टाळ, ढोलकी, पेटी, सगळ्यांना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावे लागते. तंबोरा आपल्या चालीने चालतो. पहिली तार मधल्या बोटाने, पुढच्या तीन पहिल्या बोटाने, आणि परत पहिली. गाणे धावो की थांबो, त्याला घाई नाही. उलट घाई केली तर बिघडतो. ज्या संथपणावर माझ्या मुलाला आयुष्यभर बोलणी बसली, तोच संथपणा इथे हवा होता. आणि तंबोरा काही दयेने दिलेला खुळखुळा नाही. तो थांबला की सगळ्यांना पोकळ वाटते. पहिल्या गुरुवारी माझा मुलगा मध्येच पाणी प्यायला उठला, तेव्हा काकूंनी गाणे थांबवून वाट पाहिली.

बोटांना सवय व्हायला दोन महिने लागले. तारांवर क्रम लक्षात राहावा म्हणून खुंट्यांना चार रंगांचे दोरे बांधले. ही युक्ती माझी नाही. माझा भाचा हेलसिंकीत नोकरीला आहे. तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वाद्य शिकवण्यासाठी एक लिपीच केली आहे. कार्लो ऊसितालो नावाच्या संगीतोपचारकाने १९९६ च्या सुमारास ती तयार केली. रंग म्हणजे स्वर, आकार म्हणजे सप्तक, आकार जितका लांब तितका स्वर लांबवायचा. तेच रंग पेटीच्या पट्ट्यांवर चिकटवायचे, आणि जे दिसते ते दाबायचे. भाच्याने त्याचे फोटो पाठवले. आमच्या पेटीवर आता सात रंगांच्या टिकल्या आहेत आणि त्यांचा फायदा सर्वांत जास्त ७१ वर्षांच्या एका मावशींना झाला. त्यांना पेटी शिकायची हौस होती, लाजत होत्या.

त्याच देशाने, फिनलंडने, २०१५ मध्ये युरोव्हिजन या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेला एक पंक बँड पाठवला. चौघे प्रौढ पुरुष, कोणाला डाऊन सिंड्रोम, कोणाला ऑटिझम. गाणे दीड मिनिटाचेही नव्हते आणि त्यात तक्रारी होत्या: सारखे घर आवरायचे, भांडी घासायची, हे करू नको, ते करू नको. अंतिम फेरीत गेले नाहीत. मी ते ऐकले, मला गोंगाट वाटला. पण माझ्या मनात राहिले ते हे की कोणी त्यांना गोड गाणे गायला लावले नव्हते. आपण मात्र यांच्या तोंडी देशभक्ती नाहीतर आईची महती, याशिवाय काही घालतच नाही.

आता जे अवघड आहे ते. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने एका भजन स्पर्धेत नाव दिले. नियम: सभासद १२, सर्व महिला. मंडळात दोन तट पडले. कोणी म्हणाले, फोनवरचा तंबोरा आहे की. कोणी म्हणाले, बक्षीस मिळाले तर खोलीचे पत्रे बदलता येतील, आणि पत्रे खरेच गळतात. त्याला या वेळी घरी ठेवावे, हे सर्वांत आधी मी म्हणाले. मला परीक्षकांची भीती होती. त्यापेक्षा, समोर बसलेल्या लोकांच्या त्या ‘अरे वा’ म्हणणाऱ्या चेहऱ्यांची. तो झब्बा घालून दारात उभा होता. पेटीवाल्या काकू म्हणाल्या, “मग मी पण नाही येत, माझे गुडघे दुखतात.” त्यांचे गुडघे १० वर्षे दुखताहेत. आम्ही स्पर्धेला गेलो नाही. पत्रे अजून गळतात. दोघी जणी रुसून दुसऱ्या मंडळात गेल्या, त्यातली एक परत आली.

कोणी विचारते, याने त्याच्यात ‘सुधारणा’ झाली का? झाली असेल. शब्द स्पष्ट झाले असे कार्यशाळेतल्या बाई म्हणतात. पण त्यासाठी मी त्याला नेत नाही. आमच्या १३ जणींना कोणी विचारत नाही की भजनाने तुमचा रक्तदाब उतरला का. आम्हाला आवडते म्हणून आम्ही जातो. त्याच्या गाण्याला मात्र उपचार असल्याचा दाखला लागतो.

प्रत्येकाला भजन मानवेल असेही नाही. आमच्याकडे एक मुलगी (बघा, मीही मुलगीच म्हणते, ३० ची आहे) दोन गुरुवार येऊन गेली. ऑटिझम आहे. टाळांचा आवाज तिला सोसेना, कान दाबून रडली. तिसऱ्या वेळी आम्ही टाळ बाजूला ठेवले, नुसत्या तंबोऱ्यावर चार ओव्या म्हटल्या, ती दाराशी बसली. आता खोलीत अर्ध्यापर्यंत आली आहे. ढोलपथकवाल्यांनाही माझे सांगणे आहे की तुमच्याकडे ध्वज धरायला, टोल वाजवायला माणूस लागतो, सराव दोन-दोन महिने चालतो. चार जण घ्या, पण आधी कान सांभाळा आणि विचारल्याशिवाय हातात टिपरू देऊ नका.

आपल्याला विनंती इतकीच. ३ डिसेंबरचा फोटो हवा तर छापा, पण वर्षातून एखाद्या साध्या गुरुवारी बातमीदाराला आमच्यासारख्या कुठल्याही मंडळात पाठवा. कॅमेरा नको. मनेबिने कोणी जिंकणार नाही, चुकीच्या ठिकाणी जोरात आलेला एखादा शब्द मात्र ऐकायला मिळेल. आणि ज्यांच्या घरी अशी तरुण मंडळी आहेत त्यांना सांगा की विचारायला लाजू नका. मी वर्षभर दारातच बसवला होता.

शेवटी एक स्वार्थाची गोष्ट. ती अर्ध्या खोलीपर्यंत आलेली जी आहे ना, ती तंबोऱ्याकडे टक लावून बघते. माझा मुलगा त्याच्या तंबोऱ्याला कोणाला हात लावू देत नाही. तेव्हा आम्हाला दुसरा तंबोरा हवा आहे. जुना चालेल, तारा आम्ही घालू, भोपळा तेवढा तडकलेला नसावा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे.

आपली,
एका तंबोरेवाल्याची आई
मिरज