नास्तिकांचा पूर्वपक्ष श्रद्धावंतांनीच मांडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण पिढी देवाधर्मापासून दूर चालली आहे, नास्तिकता वाढते आहे आणि तिला वेळीच आळा घातला पाहिजे, अशा आशयाची पत्रे आपल्या दैनिकात अलीकडे वारंवार येत आहेत. मी ईश्वर मानणारी आहे. इंदुरातील एका भजनी मंडळात नियमाने जाते, घरची रोजची पूजाही माझ्याच हातून होते. त्यामुळे या पत्रांमागची काळजी मला परकी नाही. मात्र त्यांत सुचवलेले उपाय, म्हणजे मुलांवर संस्कारवर्गांची सक्ती, देवाविषयी शंका घेणाऱ्या वक्त्यांना व्यासपीठ नाकारणे आणि उठल्याबसल्या भावना दुखावल्याची तक्रार करणे, यांनी श्रद्धेला काडीचेही बळ मिळणार नाही असे माझे मत आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011च्या जनगणनेत ‘कोणताही धर्म नाही’ असे 25.2 टक्के लोकांनी लिहिले होते. 2021मध्ये हे प्रमाण 37.2 टक्क्यांवर गेले. आपल्याकडे 2011च्या जनगणनेत धर्म न नोंदवणारे जेमतेम 0.24 टक्के होते, आणि ते सगळे नास्तिक होते असेही नाही. तेव्हा आपल्याकडील घबराट आकड्यांतून आलेली नाही. ती घरातून आली आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीसाठी गेलेला मुलगा दिवाळीला घरी येतो आणि आरतीला उभा राहत नाही, एवढ्यावरून आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते.

या प्रसंगी आपल्याच परंपरेने काय केले ते आठवावे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचला तेव्हा पहिले प्रकरण चार्वाकदर्शनाला दिले. ते स्वतः अद्वैती होते, तरीही परलोक, आत्मा आणि वैदिक कर्मकांड नाकारणारे ते मत त्यांनी त्याच्या पूर्ण धारेसह मांडले. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज बहुतांशी उपलब्ध नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवले म्हणून. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता मांडली, तीही निरीश्वरवाद्यांचे आक्षेप एकेक करून घेत. वेदांना प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांपैकी कुमारिल भट्टांनी तर जगाचा कर्ता असा कोणी ईश्वर मानण्याविरुद्धच युक्तिवाद केला, आणि म्हणून त्यांना कोणी परंपरेबाहेर काढले नाही. समोरच्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचे मूळ म्हणणे, त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा आणि मगच उत्तर द्यायचे, ही शिस्त आपल्या पूर्वजांनी पाळली. आज नास्तिक काय म्हणतो ते त्याच्या तोंडून पुरते ऐकून घेण्याआधीच आपण कानांवर हात ठेवतो.

त्याहून मला अधिक खटकते ती गोष्ट वेगळी आहे. नास्तिकांना उत्तर म्हणून आपल्यापैकी अनेकजण व्हॉट्सअ‍ॅपवर जी ‘वैज्ञानिक कारणे’ पाठवत असतात, त्यांनी श्रद्धेचे जितके नुकसान होते तितके कोणत्याही नास्तिकाच्या व्याख्यानाने होत नाही. घंटेच्या नादाने जंतू मरतात, अमुक मंत्राच्या कंपनांवर परदेशातील प्रयोगशाळेत शिक्कामोर्तब झाले, असे मजकूर आपण न तपासता पुढे ढकलतो. भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकणारी नात ते दोन मिनिटांत तपासते, त्यातला खोटेपणा तिला दिसतो, आणि मग तिच्या दृष्टीने आजीचा देवही त्याच मजकुराच्या रांगेत जाऊन बसतो. देवघरात घंटा वाजवताना माझे मन एकाग्र होते, एवढे खरे कारण मला पुरेसे आहे. प्रयोगशाळेचे खोटे प्रमाणपत्र जोडले म्हणजे आपल्याला स्वतःच्या अनुभवाची खात्री नाही हेच आपण कबूल करतो.

आक्षेपांतील जो भाग नैतिक आहे, त्याला तर शब्दांनी उत्तर देताच येत नाही. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, आपल्या इंदुरात पटेल नगरातील मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवर, म्हणजे विहिरीवर, घातलेला स्लॅब कोसळला आणि 36 जण मृत्युमुखी पडले. रामजन्माच्या दिवशी, देवाच्या दारात हे घडले, तर देव कुठे होता, असे त्या आठवड्यात तरुणांनी घरोघरी विचारले. काही वडीलधाऱ्यांनी प्रारब्धाकडे बोट दाखवले. मला ते उत्तर तेव्हाही सहन झाले नाही. बावडी झाकून तिच्यावर माणसे बसवणे हे माणसांचे काम होते. ते देवाच्या किंवा प्रारब्धाच्या माथी मारणे यासारखी दुसरी अश्रद्धा नाही. देवस्थानाचे बांधकाम नियमानुसार आहे का, गर्दीची व्यवस्था काय आहे, दानपेटीचा हिशेब कोण पाहतो, हे प्रश्न भाविकांनीच सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे विचारायला हवेत. ज्या शहराचे नाव अहिल्याबाईंशी जोडलेले आहे, तिथे शिवभक्ती आणि चोख कारभार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे नव्याने सांगण्याची वेळ येऊ नये.

आगरकरांचे उदाहरण मराठी वाचकांना माहीत आहे. ईश्वराविषयी अज्ञेयवादी, म्हणजे तो आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणाऱ्या, या माणसाने 1888मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि पुण्यातील सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्या केशवपनाविरुद्ध आणि ज्या स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी लेखणी झिजवली, त्या बाबतीत आज आमच्या भजनी मंडळातील एकही बाई त्यांच्या विरोधात उभी राहणार नाही. त्यांचे म्हणणे स्वीकारून आमची भक्ती उणावली नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. देवाला विरोध करणे हे आपल्या संघटनेचे काम नाही, देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला विरोध करणे हे आहे, असे ते सतत सांगत आले होते. त्या हत्येचा निषेध करण्यात वारकरी, कीर्तनकार आणि मंदिरांचे विश्वस्त सर्वांच्या पुढे असायला हवे होते, असे मला आजही वाटते.

याउलट गांधीजी आणि आंध्रातील नास्तिक कार्यकर्ते गोरा यांचा संवाद पाहावा. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असे मी म्हणू शकत नाही, असे गांधीजींनी त्यांना सांगितले होते. गोरांच्या मुलीच्या आंतरजातीय विवाहात ईश्वराचा उल्लेख गाळण्यासही ते तयार झाले. गांधीजींच्या हत्येनंतर, 1948मध्ये, तो विवाह सेवाग्रामात पार पडला. ज्याची रोजची प्रार्थना चुकत नसे, त्या माणसाने हे केले. आपण मात्र सत्यनारायणाला बसायला नकार देणाऱ्या मुलाशी महिनाभर अबोला धरतो, किंवा वडिलांच्या श्राद्धाऐवजी एखाद्या विद्यार्थ्याची फी भरतो म्हणणाऱ्या मुलीला ‘तुला बाबांचे काहीच नाही’ असे ऐकवतो. पितरांविषयीची कृतज्ञता तिच्या मनात आहे हे आपल्याला दिसत कसे नाही?

श्रद्धावंतांनी मुकाट्याने ऐकून घ्यावे, असे मात्र मला म्हणायचे नाही. ईश्वर मला सिद्ध करून दाखवता येत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते; त्याचबरोबर शोकाच्या काळात नामस्मरणाने मला जो आधार दिला तो केवळ मनाचा खेळ होता, हे नास्तिकाचे म्हणणेही मी विनातक्रार स्वीकारणार नाही. त्यावर वाद व्हावा, रात्र रात्र व्हावा. तुकोबांच्या गाथेत देव आपल्या लेखी मेला असे म्हणणारा अभंग आहे. ज्या संप्रदायाने तो अभंग जपला आणि गायला, त्या संप्रदायाच्या माणसांनी शंकेला भ्यावे याचे मला नवल वाटते.

इंदुरातील मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. येत्या गणेशोत्सवातील व्याख्यानांपैकी एक संध्याकाळ नास्तिक वक्त्यासाठी राखून ठेवावी, त्याला पूर्ण वेळ द्यावा आणि प्रश्नोत्तरे शांतपणे होतील याची हमी मंडळाने घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच मंडपात नारदीय कीर्तन ठेवावे आणि कीर्तनकारांनी पूर्वरंगासाठी, म्हणजे निरूपणाच्या पहिल्या भागासाठी, आदल्या दिवशीचाच आक्षेप घ्यावा. देवावर श्रद्धा न ठेवणाऱ्या तरुण वाचकांची या पत्राला उत्तरे आली, तर संपादकांनी तीही काटछाट न करता छापावीत, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, इंदूर