पहिले पिस्तूल हाताच्या मापाचे हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली मनू भाकर हिने 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि त्याच आठवड्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने रायफलमध्ये पदक आणले. तेव्हापासून तालुक्याच्या गावांतूनही मुले नेमबाजी शिकायला येऊ लागली आहेत, ही आनंदाचीच बाब आहे. मात्र नवशिक्यांना मार्गदर्शन करताना एक गोष्ट सतत खटकते. पहिले पिस्तूल घेताना पालक कंपनी विचारतात, किंमत विचारतात, अमुक विजेता कोणते मॉडेल वापरतो याचीही चौकशी करतात. मुलाच्या हाताचे माप मात्र कोणी काढत नाही. 4.5 मिलिमीटर व्यासाची नळी आणि 20 जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला (म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या पिस्तुलाला) परवाना लागत नसल्याने खरेदी घाईने उरकली जाते, आणि वाढत्या अंगाचा गणवेश घ्यावा तसे लाखाच्या घरातले पिस्तूल ‘पुढे बसेल’ म्हणून घेतले जाते.

खरी मेख ग्रिपमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत आहे. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगवेगळ्या मिळतात. शिवाय एका कंपनीचे मध्यम माप दुसरीच्या लहान मापाशी जुळेल, अशीही स्थिती असते. म्हणून पेटीवरच्या अक्षरावर विसंबून न राहता हात ग्रिपमध्ये घालूनच पाहावे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या मागच्या खाचेत वरपर्यंत घट्ट बसली पाहिजे, मधले बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाली टेकले पाहिजे आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सहज पोहोचला पाहिजे. ग्रिप मोठी असली की मूल मनगट वळवून बोटाचे टोक कसेबसे ट्रिगरपर्यंत नेते. मग ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ओढला जातो आणि छर्रे एकाच अंगाला सरकतात. अशा वेळी साइटचे, म्हणजे नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे-मागे बसवलेल्या खुणांचे, स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नसतो. ग्रिप फारच लहान असेल तर बोटांची टोके उलट तळहातात रुततात. तळहाताखालची फळी स्क्रूने वर-खाली करता येते, पण तिने हात केवळ टेकवायचा असतो, आवळायचा नसतो.

एक साधी परीक्षा कोणालाही करता येते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, रेंजवर प्रशिक्षकासमोर, डोळे मिटून हात लक्ष्याकडे उचलावा आणि मग डोळे उघडावेत. फ्रंट साइट (पुढची खूण) मागच्या साइटच्या खाचेच्या साधारण मध्यावर दिसली तर ग्रिप हाताला मानवली. दर वेळी ती एकाच बाजूला गेलेली दिसली तर दुसरे माप पाहावे किंवा लाकूड घासून घ्यावे.

वजन आणि लांबी यांचा विचार त्यानंतर. आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलाच्या वजनाची कमाल मर्यादा 1500 ग्रॅम आहे, किमान मर्यादा नाही, आणि बहुतेक स्पर्धा-पिस्तुले किलोभराच्या आसपास असतात. तेवढे वजन एकाच हाताने, कोणताही आधार न घेता, 75 मिनिटांत 60 वेळा आणि सरावाच्या नेमांसाठी आणखी काही वेळा उचलायचे असते. लांब नळीचे पिस्तूल पुढे जड असल्याने मोठ्यांच्या हातात स्थिर राहते. बारा वर्षांच्या मुलाचा खांदा मात्र त्यानेच लवकर थकतो. आखूड मॉडेलचा तोटा असा की दोन्ही साइटमधले अंतर कमी होते. ते 30 सेंटीमीटर असेल तर फ्रंट साइटची 1 मिलिमीटरची चूक 10 मीटरवर सुमारे 33 मिलिमीटर होते, 36 सेंटीमीटर असेल तर सुमारे 28. दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे असते, त्यामुळे हा फरक क्षुल्लक नाही. तरीही लहान मुलासाठी मी आखूड आणि हलकेच पिस्तूल सुचवीन, कारण थरथरणाऱ्या हाताला साइटमधल्या जास्त अंतराचा लाभ मिळतच नाही.

ग्रिप सुटी विकत मिळते, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. चांगल्या स्थितीतले वापरलेले पिस्तूल घेऊन त्याला मुलाच्या मापाची ग्रिप बसवली आणि दोन वर्षांनी तीच बदलली, तर खर्चही आवाक्यात राहतो. वापरलेले घेताना हवेच्या सिलिंडरची मुदत तेवढी तपासावी. जिल्हा नेमबाजी संघटनांनी आणि खासगी क्लबांनी प्रत्येक मापाची एक-एक ग्रिप रेंजवर ठेवावी आणि निदान तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव झाल्याशिवाय खरेदीचा सल्ला देऊ नये, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. आपल्या क्रीडा पानावर एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाकडून या विषयावर सचित्र माहिती दिल्यास गावोगावच्या पालकांची सोय होईल.

आपला विश्वासू,
एक नेमबाजी मार्गदर्शक, कोल्हापूर